वाणाचे एक्कावन्न साबण

एक फेब्रुवारी, रविवार. रथसप्तमी होऊन आठवडा झाला होता. रक्कम दोन हजार पाचशे पन्नास रुपये. हजर माणसं चार: अकोल्याची माझी थोरली बहीण, तिची सून, माझी बायको आणि मी. बहिणीच्या पुढच्या खोलीत दुपारी बाराच्या सुमारास आम्ही बसलो होतो. टीपॉयवर स्टीलच्या ताटलीत एक साबण ठेवलेला होता. तो आम्ही घरी, अमरावतीला, केला होता.

बहिणीनं सुनेच्या पहिल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून हे साबण वाटले. पन्नास रुपयांना एक, असे एक्कावन्न तिनं आमच्याकडून घेतले होते. त्यातले पंचेचाळीस गेले, सहा उरले; उरलेल्यातला एक सुनेनं वापरायला घेतला, एक आज ताटलीत होता. पुढच्या आठ-दहा दिवसांत सात बायकांचे फोन आले, की साबण चुरचुरतो, हात लाल होतात. सुनेच्या स्वतःच्या मानेवर चट्टे उठले. बहिणीला पैसे परत हवे होते. चुरचुरण्याचं कारण तिनं आधीच ठरवलं होतं: माझ्या बायकोनं त्यात घातलेला वास.

वासाचा काही संबंध नाही, चूक माझ्या वजनाची आहे, हे मला तीन दिवसांपासून माहीत होतं. मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

आमच्या घरी साबणाचं काम चार वर्षांपूर्वी सुरू झालं. बायकोच्या तळहातांना भेगा पडायच्या, बाजारातला कुठलाच साबण सोसायचा नाही. तिनं कुठूनतरी कृती मिळवली आणि मागच्या गॅलरीत एक घाणा करून पाहिला. हात बरे झाले. शेजारणींनी मागितले, मग त्यांच्या बहिणींनी. तेव्हापासून कामाची वाटणी ठरली. वजनं माझी, वास तिचा. मी नोकरीत आयुष्यभर आकडे जुळवत आलो, त्यामुळे तेल किती, पाणी किती, कॉस्टिक सोडा किती, हे मी वहीत लिहायचो आणि काट्यावर तोलून द्यायचो. कॉस्टिक पाण्यात विरघळवताना हातमोजे, चष्मा, खिडक्या उघड्या, हेही माझ्याकडेच. मिश्रण घोटून दाट झालं, की मी बाजूला व्हायचो.

पुढचं तिचं. ती कधीच एका बाटलीतून वास ओतत नसे. आधी विचारायची, कोणासाठी आहे, घरात म्हातारं माणूस आहे का, त्या बाईला गजरा सोसतो का डोकं धरतं. मग खस, केवडा, गवती चहा, यातलं काय किती ते ठरवायची. हिवाळ्यात संत्र्याच्या साली सावलीत वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करून घालायची. कापसाच्या बोळ्यावर दोन-दोन थेंब घेऊन ते बोळे ती दिवसभर पदराला बांधून ठेवी आणि दर तासाला हुंगे. मी एकदा म्हणालो, याचंही माप लिहून ठेवू. ती म्हणाली, "तुमी तुमचं लिवा. नाकाचं माप नसते."

बहिणीचा फोन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला. भाव तिनंच सांगितला, पन्नास. तिला मोगरा हवा होता. बायकोनं सांगितलं, थंडीत मोगऱ्याचा वास खोटा वाटतो, खस आणि संत्रं करते. बहीण कुरकुरत हो म्हणाली.

खोबरेल तेलाचा भाव असा चढला होता, की पन्नासात साबण बसेना. आमच्या घरी स्वयंपाकाला सरकीचं तेल असतं, लहानपणापासून तेच. डबा नुकताच भरला होता. मी किलोमागे सातशे ग्रॅम खोबरेल घालायचो, त्यातलं चारशे काढून त्याजागी सरकीचं घातलं. एरंडेल आणि तिळाचं होतं तसं ठेवलं. एकूण किलोच होत होतं. कॉस्टिकचा आकडाही होता तोच लिहिला, एकशे एकोणसाठ ग्रॅम. चार वर्षं लिहीत आलो होतो, हातानं आपोआप लिहिला.

इथेच चुकलं. प्रत्येक तेल आपापल्यापुरतं कॉस्टिक खातं. खोबरेल सगळ्यांत जास्त खातं, सरकीचं त्याच्या पाऊणपटच. नव्या मिश्रणातलं सगळं तेल मुरायला दीडशे ग्रॅम पुरत होते, आणि हाताला थोडं तेल राहावं म्हणून आम्ही नेहमी त्याहूनही कमी घालतो. एकशे बेचाळीस हवे होते. किलोमागे नऊ ग्रॅम कॉस्टिक, ते खायला तेलच न उरल्यानं, साबणात तसंच राहिलं.

तरीही ते पकडलं गेलं असतं. साबण पाच आठवडे वाळले, की बायको एका वडीच्या कोपऱ्याला जिभेचं टोक लावते. चुरचुरलं, तर साबणात खार मोकळा आहे. या वेळी ती वडी हातात घेऊन बसली होती आणि नेमका बहिणीचा फोन आला. बायकोनं सहज सांगितलं, आता चाखून पाहते.

"जीभ लावून पायतेस?" बहीण म्हणाली. फोन स्पीकरवर होता. "व माय, वाण हाय थे. देवापुढं ठेवाचं, सवाष्णीच्या ओटीत घालाचं. उष्टं वाटू का मी बायकायले?"

"ताई, त्याच्याशिवाय समजत नाई."

"चार वर्सं करून राहिली, अजून समजत नाई? नवऱ्यानं मोजून देल्लं ना? मंग झालं. त्याचं काई चुकत नाई."

फोन ठेवल्यावर बायको मला म्हणाली, "एक जास्तीची वडी केली असती तर बरं होतं. थे चाखली असती, बाकीच्या तशाच ठेवल्या असत्या."

मी म्हणालो, "साचा सतराचा. सतरा त्रिक एक्कावन्न. बावन्नाव्या वडीसाठी चौथा घाणा करू काय?"

वड्या बटरपेपरात गुंडाळल्या गेल्या, वर हळदीकुंकवाचं बोट लागलं, आणि आम्ही एक्कावन्न मोजून अकोल्याला पाठवल्या. आकडा बरोबर आला म्हणून त्या दिवशी मला बरं वाटलं होतं.

बहिणीचा तक्रारीचा फोन गुरुवारी आला. बायको ओट्याशी होती. तिनं ऐकून घेतलं, "हो ताई, हो ताई" म्हणाली आणि गॅस बंद करून खाली बसली. मी वही काढली. दहा मिनिटांत मला चूक सापडली. तीनदा आकडेमोड केली, तीनदा तीच आली. मी वही मिटून कपाटात ठेवली.

का सांगितलं नाही, याची कारणं मी नंतर पुष्कळ शोधली. खरं एकच आहे. आमच्या नात्यात मी हिशोबाचा पक्का म्हणून ओळखला जातो. याच बहिणीच्या मुलाच्या लग्नात मी आचाऱ्याच्या यादीत बारा रुपयांचा फरक काढला होता आणि ती गोष्ट अजून सांगितली जाते. ती ओळख मला जपायची होती. आपोआप मिटेल, असंही वाटलं.

शुक्रवारी बायकोनं खस, केवडा, सगळ्या बाटल्या एका पिशवीत घालून माळ्यावर टाकल्या. रविवारी सकाळच्या एसटीत, बडनेरा मागे पडल्यावर, ती म्हणाली, "खसच जास्त झाला असंल. एक बोळा मले जरा जड लागला होता. तरी मी घातला."

"तसं नसेल," मी म्हणालो.

"मंग कशानं असंल?"

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. मूर्तिजापूरला बस थांबली. तिनं चहा घेतला नाही.

बहिणीकडे पाणी झालं, पोहे झाले, मग ताटली पुढे आली.

"पाय भाऊ," बहीण मला म्हणाली. "तुले काई बोलत नाई मी. तुयं काम चोख. पण हिले मी सांगतलं होतं, मोगरा घाल. बाजारात मिळते तसा. हिनं काय घातलं, मुळ्या न् साली. पोरीची मान पाय कशी झाली."

सून संकोचून म्हणाली, "आई, आता उतरलंय. मामी, खरंच, फार नाही."

"तू नोको बोलू. सात जणींनी फोन केले. एक म्हणते, तुमच्या भावजयीनं साबण केला का भांडे घासाचा चुना."

बायको मान खाली घालून म्हणाली, "माझीच चूक हाय, ताई. यापुढं करत नाई मी. सगळंच बंद करते." आणि तिनं पर्स उघडली.

तेवढ्यात मागच्या दारानं भांडेवाली आली. कडेवर दोन वर्षांची मुलगी, तिच्या गळ्याभोवती फ्रॉक सैल करून सेफ्टी पिन लावलेली. बहिणीनं तिथूनच विचारलं, "दोन दिवस कुठं होती व? दोन खाडे कापीन मी."

"लेकराले दवाखान्यात नेलं होतं, बाई. मान न् काखा लाल झाल्या होत्या. तुमी देल्ला थ्या साबणानं न्हाऊ घातलं होतं." बोलता बोलता ती दारात आली आणि पाहुणे पाहून थांबली.

"म्या भांडे घासाले देल्ले होते चार," बहीण म्हणाली. "आंगाले लाव म्हटलं होतं का तुले?"

"नाई म्हटलं. पण वास इतका चांगला होता, बाई. भांड्याले लावाचा जीव नाई झाला. म्हटलं लेकराले लावू."

बायकोचा हात पर्सवर तसाच राहिला. तिनं त्या मुलीच्या मानेकडे पाहिलं. चट्टे सुकत आले होते, कडेला कातडी निघत होती. बायको उठली, जवळ गेली, पण हात लावला नाही.

मी ताटलीतला साबण उचलला आणि जीभ लावली. विजेच्या सेलची टोकं लावल्यासारखा चटका बसला.

"हे काय करून राहिला, भाऊ?" बहीण म्हणाली.

मी सांगितलं. तेल बदललं, कॉस्टिकचा आकडा बदलला नाही, किलोमागे नऊ ग्रॅम जास्त. वास निर्दोष आहे. चाखायला एक जास्तीची वडी हवी होती असं बायको म्हणाली, तेही मीच उडवून लावलं. सांगताना जीभ जड झाली होती, शब्द नीट येत नव्हते, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं.

मग बहीण हसली. "जाऊ दे. माणूसच हाय. तुयंही चुकलं एकदाचं. राहू दे थे पैसे, घरचंच हाय."

"काहून राहू दे, ताई?" बायको म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मघा माझी चूक होती, तवा दोन हजार पाचशे पन्नास होते. आता कमी काहून झाले?"

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी पाकीट काढलं.

बायकोनं मला एकच विचारलं. "तुमाले कवा समजलं?"

"गुरुवारी."

"आज रविवार हाय," ती म्हणाली आणि पर्सची चेन लावली.

सुनेनं पंचेचाळीस जणींना फोनवर निरोप पाठवला: साबण अंगाला, कपड्यांना, भांड्यांना, कशालाच वापरू नका. बहिणीला "काही कारणानं" एवढंच लिहायचं होतं. मी सुनेला सांगितलं, वजन करणाऱ्याची चूक झाली, वासाची नाही, असं लिही. तिनं तसं लिहिलं आणि पाठवण्याआधी मामीला वाचून दाखवलं. मामी हं म्हणाली.

बाटल्या अजून माळ्यावर आहेत. मी खाली काढू का, असं दोनदा विचारलं. काट्याशी आता तीच बसते, वहीही तिच्याकडे आहे. दोन घाणे झाले, दोन्ही बिनवासाचे. आकडे मी तपासून पाहिले नाहीत. तपासू नका असं तिनं सांगितलं नव्हतं, पण मला कळलं.

त्या दिवशी दिलेली रक्कम अशी. बहिणीला दोन हजार पाचशे पन्नास. तिनं न मोजता देव्हाऱ्याशी ठेवले. सुनेनं मलमाचे पैसे घेतले नाहीत. भांडेवालीला डॉक्टरचे तीनशे, औषधाचे एकशे पंच्याऐंशी, आणि चार घरचे दोन-दोन दिवसांचे खाडे, दर खाड्याला चाळीस, म्हणजे तीनशे वीस. एकूण आठशे पाच. आठशे मी दिले. माझ्याकडे पाच सुटे नव्हते. ते बायकोनं आपल्या पर्समधून काढून त्या मुलीच्या मुठीत दिले.