फोटोच्या कडेचा हात

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांना सगळे कात्रीकाका म्हणत. खरी कात्री केव्हाच गेली होती, संगणक आला होता. पण फोटो कापून रकान्यात चपखल बसवण्यात काकांचा हात धरणारा कुणी नव्हता. दूरच्या एका मुलखात पुन्हा लढाई पेटली आणि तिथला एक शाळामास्तर रोज फोटो पाठवू लागला. जागा अपुरी, म्हणून काका धूर आणि पडकी घरं ठेवत, कडेची माणसं उडवत. बायको एकदा म्हणालीही होती, की तुमच्या पानावर नुसती घरंच पडतात, त्यात राहतं कोण ते काही कळत नाही. काकांनी ते हसण्यावारी नेलं.

एका दुपारी समोरच्या शिंप्याकडे काज-बटणं करणारी बाई कचेरीत आली. चार वर्षांपूर्वी त्याच मुलखातून जीव मुठीत धरून आलेली. तिने कालचा अंक टेबलावर पसरला. धुराखाली एक गल्ली, आणि अगदी कडेला, फोटो कापताना मनगटापाशीच छाटला गेलेला, किटली धरलेला हात.

"ही आमची गल्ली," ती म्हणाली. "आणि अंगठी माझ्या आईची वाटते. बाकीचा फोटो कुठंय?"

काकांनी संगणक धुंडाळला. पान छापून झालं की मूळ फोटो पुसायचे, हा दंडक त्यांनीच घातलेला. मास्तरला फोन लावला, तर तो बंद. पुढेही तो कधी लागला नाही.

"पण तुम्ही तर पाहिलंय तिला. बरी दिसत होती का?"

काकांनी आठवून पाहिलं. धुराचा लोट डावीकडे कसा झुकला होता, ते जसंच्या तसं आठवलं. चेहरा काही केल्या येईना. खोटं बोलून तिचं मन राखता आलं असतं, पण जीभ रेटेना.

"मी बघितलंच नाही, बाई," ते म्हणाले.

तिने अंक नीट घडी करून पिशवीत ठेवला आणि ती कामावर गेली.

त्यानंतर तिथून दुसरे कुणी फोटो पाठवू लागले, त्यांत काका संपादकांशी भांडून माणसं ठेवू लागले, खाली नावंही छापू लागले. मोडक्या भिंतीला आरसा टांगून दाढी करणारा एक म्हातारा छापला, तेव्हा वाचकांनी त्याची ख्यालीखुशाली विचारायला फोन केले. असे फोन पूर्वी कधीच आले नव्हते. बाई दर आठवड्याला येऊन सगळे फोटो बघून जाई. आई त्यांत कुठेच नव्हती. वर्षभराने तिचं येणं थांबलं.

काका निवृत्त झाले तेव्हा संपादकांनी त्यांच्या हातातल्या सफाईचं तोंडभरून कौतुक केलं. काका मान खाली घालून ऐकत राहिले.