स्नायूपेक्षा काळे डाग

११ जानेवारी, रविवार, सकाळ. हजर: मी, माझी वहिनी, तिची सून आणि मशीन चालवणारा टेक्निशियन. सेंटर मानपाड्याला, तिथे आलेले एमआरआय वाचून रिपोर्ट लिहिणं हे माझं काम. दादाला घरीच थांबवलेलं. तो काळजी करतो आणि इतरांनाही करायला लावतो.

वहिनीचा उजवा गुडघा तीन महिने दुखत होता. वय एकसष्ट, वर्तकनगरच्या घराला तीन जिने. झीज असणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. मीसुद्धा. फॉर्म सुनेने भरला, रक्तवाढीच्या गोळीचा डोससुद्धा लिहिला. वहिनी म्हणाली, "जागा उरली असती तर हिने माझे दहावीचे मार्क पण लिहिले असते." सून हसली. पूर्वीचे मोठे आजार या ओळीपुढे तिने 'नाही' लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि फॉर्म तसाच टेक्निशियनला दिला.

अकरा वर्षांपूर्वी वहिनीच्या स्तनातली कॅन्सरची गाठ काढली होती. मुलाचं लग्न जमवताना ही गोष्ट मुलीकडे बोलायची नाही, असं घरात ठरलं. डॉक्टर म्हणून माझं मत विचारलं गेलं, तेव्हा ती आता बरी आहे, सांगायलाच हवं असं काही नाही, असं मी म्हणाले होते. लग्नानंतर दादा वहिनीला वर्षाच्या तपासणीला न्यायचा तो टिटवाळ्याच्या गणपतीला जातोय असं सांगून. मग तेही बंद पडलं.

काळ्या डागाबाबत माझी पद्धत ठरलेली आहे. डाग सांध्यात असेल तर हवा, कॅल्शियम, जुनं साकळलेलं रक्त, धातू, असं एकेक कारण खोडत जायचं. हाडाच्या आत असेल तर आधी शेजारच्या स्नायूकडे बघायचं. उतारवयात हाडाच्या मगजात चरबी वाढते, आणि पहिल्या चित्रांत चरबी उजळ दिसते. रक्त कमी असलेल्या बाईचा मगज करडा पडतो, पण सहसा स्नायूइतका काळा होत नाही. वहिनीचं रक्त कायम कमी, म्हणून मी करड्याची वाट बघत होते. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला तीन डाग होते. तिन्ही स्नायूपेक्षा काळे.

टेक्निशियनने फॉर्म बघून विचारलं, "मॅडम, रक्त कमी लिहिलंय. त्यानेच ना?"

फॉर्मवरचं 'नाही' खरं असतं तर मीही कदाचित तसंच लिहून, सहा महिन्यांनी पुन्हा बघा, असं सुचवलं असतं. मी त्याला मांडी वरपर्यंत घ्यायला सांगितली. वर आणखी दोन निघाले.

कपडे बदलायच्या खोलीत वहिनी काढलेल्या बांगड्या परत घालत होती. हाडात डाग आहेत, जुन्या आजाराचेच असू शकतात, लगेच तपासायला हवं, असं मी सरळ सांगितलं. तिने उरलेल्या दोन बांगड्या घातल्या.

"तिला गुडघाच सांग."

"वहिनी, पुढच्या तपासण्यांना तीच येणार तुझ्याबरोबर."

"टिटवाळ्याला कधी आली होती का ती?"

बाहेर सुनेने विचारलं, "आत्या, झीजच ना?" रिपोर्ट उद्या देते, एवढंच मी म्हणाले.

सोमवारी रिपोर्टमध्ये मी जुना आजार लिहिला. वहिनीला फोन करून तसं कळवलं. ती म्हणाली, मग मीच सांगेन सुनेला. कॅन्सरच्या डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळाली. त्यांना जुन्या ऑपरेशनचे कागद हवेत. ते मी दादाकडे मागितले, तेव्हा कुठे आहेत ते त्याने सांगितलं. मुलीकडची माणसं घर बघायला यायच्या आदल्या दिवशी त्याने ती फाइल आंबिवलीच्या बंद खोलीत नेऊन ठेवली होती.

आज मंगळवार. वहिनी अजून काही बोललेली नाही. आईंची कसलीशी जुनी फाइल डॉक्टरांना हवी आहे, एवढंच सुनेला कळलंय. तिने उद्याची रजा टाकून दादाकडून खोलीची किल्ली मागून घेतली आहे. तिला सांगायचं अजून राहिलं आहे.