साडभाऊंच्या गाडीतलं कासव

चंद्रपूर जिल्ह्यात विजेवर चालणारी पिकअप घेणारे पुष्कळ असतील, पण गाडीची मर्जी सांभाळत जगणारा माणूस एकच, आणि तो माझा साडू आहे. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. हे साडभाऊ सिंदेवाहीचे. जन्मभर बैलगाडी हाकली आणि उतारवयात ही पांढरी पिकअप आणून दारात उभी केली. तिच्यातून ते धान, भाजीपाला, मंडपाचं सामान आणि प्रसंगी वऱ्हाडसुद्धा वाहतात. गाडीविषयी वाकडा शब्द त्यांना खपत नाही. मी एकदा सहज म्हणालो, "भाऊ, जरा हळूच चालते, नाही?" तर पुढे कितीतरी दिवस त्यांनी मला चहा विचारला नाही.

गाडी गुणी आहे, यात वाद नाही. फक्त ऊन तापलं, चढ लागला आणि मागे ओझं असलं की तिची बॅटरी तापते. मग समोरच्या पडद्यावर पिवळं कासव उगवतं, टूंटूं वाजतं आणि चांगली धावणारी गाडी एकाएकी रांगायला लागते. दुसऱ्या कुणी कपाळावर हात मारला असता. साडभाऊ मात्र बैलगाडी चढाला लागल्यावर जे करायचे तेच करतात. "उतरा जी समदे! दम लागून राह्यला तिले!" असं ओरडून आधी माणसं उतरवतात, मग सामान. सगळं उतरेपर्यंत बॅटरी आपोआप निवते, कासव मावळतं, आणि साडभाऊ आमच्याकडे वळून म्हणतात, "पाह्यलं? वझं झालं होतं तिले." एकदा तर नवरदेवासकट अख्खं वऱ्हाड मूल गावच्या रस्त्यावर गाडीमागून चालत गेलं. बँडवाले सोबत होतेच, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. नवरीकडच्यांना वाटलं, यांच्यात अशीच पद्धत असेल.

"वार्निंग म्हनजे बिघाड नाई, भाऊ," ते मला समजावतात. "मानूस पडेपर्यंत सांगत नाई. हे बिचारी आधी सांगते."

पण हे सगळं दिवसाउजेडीचं. घरी गेलं की या माणसाचा आवाज खाली येतो. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आम्ही त्यांना बाई म्हणतो, मुलीच्या बाळंतपणाला जंगलातल्या एटापल्लीला गेल्या त्या तिथेच राहिल्या. मुलगी तिथल्या दवाखान्यात नर्स, जावयाची नोकरी दूर नागपूरला, मग नातीला कोण बघणार? साडभाऊ एकटेच रांधतात, आणि भात दोघांचा टाकतात. मी विचारलं तर म्हणाले, "हाताले सवय हाय." मला त्या दिवशी त्यांच्याकडे बघवलं नाही.

मे महिन्यात बाईंचा फोन आला, "नातीले सांभाळाले एक पोरगी भेटली. न्यायले या." साडभाऊंनी गाडी घासूनपुसून लख्ख केली. बाईंचे गुडघे दुखतात म्हणून पुढच्या सीटवर नवी उशी बांधली. लेकीसाठी तांदूळ, लाखोळीची डाळ आणि भोपळे घेतले, आणि त्या भोपळ्यांत मला बसवलं. पुढची सीट कोरीच राहिली पाहिजे, असा हुकूम होता.

वाटेत आलापल्लीला ओळखीच्या हॉटेलातून वायर ओढून चार्जिंग केलं आणि एटापल्लीच्या रस्त्याला लागलो. मे महिन्यात सागाला पान नसतं, सावली कुठून मिळणार? कासव उगवलं. मी उतरलो, भोपळे उतरले. थोडं पुढे पुन्हा कासव. आता भोपळे जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटले. तिसऱ्यांदा तांदूळ आणि डाळ एका ओळखीच्या घरी ठेवली. उरलो मी, तर मलाही बराच रस्ता चालवलं. एटापल्लीला पोचलो तेव्हा गाडीत त्या उशीशिवाय काही नव्हतं.

बाईंची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. त्या नवं लुगडं नेसून तयार होत्या. नात त्यांच्या पदराला दोन्ही मुठींनी धरून होती आणि सांभाळायला आलेल्या पोरीकडे बघून रडत होती. मुलगी नुसती खाली बघत होती. "चला, निघू," बाई म्हणाल्या, पण त्यांचा हात नातीच्या पाठीवरून निघेना.

साडभाऊंनी ते बराच वेळ पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, "तू नको येऊ. गाडी बेकार हाय."

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"कुठीबी बंद पडते," ते पुढे म्हणाले. "जंगलात पायी चालावं लागल तुले. तुह्या गुडघ्यानं होत नाई."

"मंग कवा?" बाईंनी विचारलं.

"सुधरली का येतो न्यायले."

लेकीने घाईघाईने डोळे पुसले. बाईंनी पिशवी लगेच आत नेली नाही. आम्ही निघालो तेव्हाही ती दाराशीच होती.

परतीच्या वाटेवर पुढची सीट मला मिळाली.

आता रोज संध्याकाळी एटापल्लीहून फोन येतो. "गाडी सुधरली का जी?" बाई विचारतात. "नाई अजून. पार्ट नाई भेटून राह्यला," साडभाऊ सांगतात, आणि मग दोघं नातीविषयी बोलत बसतात. गाडी दारात धुतलेली उभी असते. तिला काही झालेलं नाही, हे माझ्या बायकोने बाईंना केव्हाच सांगितलं आहे. तरी त्या रोज विचारतात.