दहावी खुर्ची

जॉर्ज टाउनमधल्या ज्यू मदतसंस्थेत मी नवा कारकून होतो, तेव्हाचे आमचे सेक्रेटरी. मूळचे कोकणातले. माझं तंजावरी मराठी ऐकून हसायचे आणि आठवडाभर हुकूम सोडायचे. शनिवारी मात्र एकही नाही. त्यांच्या धर्मात त्या दिवशी दिवा-पंखा लावायचा नसे, दुसऱ्याला लाव म्हणायचंही नसे. मग छताकडे बघून म्हणायचे, "काय उकडतंय!" मी मुकाट बटण दाबायचो. सहा दिवस देश सोडून निघालेल्यांचे अर्ज टाइप करायचे आणि सातव्या दिवशी हे! जीव विटायचा.

त्यांची शनिवारची प्रार्थना ऑफिसातच व्हायची; तिला दहा ज्यू पुरुष लागत. मी दहा खुर्च्या मांडायचो. त्या शनिवारी नऊच भरल्या. दहावा देश सोडून गेला होता; त्याचा अर्ज मीच टाइप केला होता. आणखी कुणी येईल म्हणून तासभर वाट पाहून माणसं पांगली. मी खुर्च्या उचलायला लागलो.

"राहू दे. बस त्या दहाव्या खुर्चीवर," सेक्रेटरी म्हणाले. शनिवारी त्यांनी मला सरळ काही सांगितलं ते त्या दिवशीच.

"पण सार, मला दहात धरत नाहीत."

"ठाऊक आहे रे," ते म्हणाले. "ती रिकामी बघवत नाही."