किडे सोडणारा माणूस

पान चुरगाळायचा, स्वतः हुंगायचा आणि मग माझ्यापुढे धरायचा. "वास घ्या, आत्या." मी कधी घेतला नाही. अनोळखी माणसानं पुढं केलेलं काही हुंगायचं नाही, हा माझा नियम.

चाकणकडं रानातून असा बांधाबांधानं फिरणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. तो बहुतेक जमिनीचा एजंट निघतो. आमच्या शेजारचं रान गोडाऊनला गेलं होतं आणि त्याच पार्टीचा डोळा आमच्या तुकड्यावर होता. कंपनीतून शिफ्ट करून आलेला लेक म्हणाला होता, "आई, यंदाही घेवडा माव्याच्या किडीनं गेला तर जमीन देऊन टाकू." आणि नेमका तेव्हाच हा डब्यात किडे घेऊन हजर. मला वाटलं, पीक बुडवायला त्यांनीच पाठवलाय.

"किडं घालवायला किडं?" मी म्हटलं. "येडी समजतो व्हय मला?"

"माझी पलटण हाय ही, आत्या. लाल पाठ, काळे ठिपके. मावा खाती, पानाला तोंड लावत न्हाई."

"आन् तुला कोण खायला घालतं?"

तो नुसता हसला. मला ते हसणं आवडलं नाही.

लेक म्हणाला, सोडू दे, बघू; मग त्यानं घेवड्यात किडे सोडले आणि बांधावर शेपू आणि कोथिंबीर लावायला लावली. बाजारात जुडीला भाव होता, तरी कापू देईना. "फुलू द्या. त्या वासावर पलटण रानात टिकती." फुललेली कोथिंबीर कोण विकत घेतं? माझा संशय आणखी वाढला. तो आला की मी खुरपं घेऊन त्याच्या मागं. तो पानं उलटी करून बघायचा, मी त्याचे हात बघायची.

एका सकाळी सुनेला घेवड्यावर काळ्या, काटेरी अळ्या दिसल्या. तिनं चार ओळींतल्या वेचून चिरडल्या. तो आला, दोन-तीन पानं उलटली आणि बांधावर बसला.

"वहिनी, ही पलटणीची पोरं हुती. मोठ्यांपरीस हीच जास्त मावा खात्यात."

"असली घाणेरडी पोरं?"

"माझं थोरलं बी जन्मलं तवा असंच दिसत हुतं."

सून हसली. तो हसला नाही. डब्याचं झाकण त्याला नीट लावता येईना. पीक बुडावं असं वाटणाऱ्याचं तोंड असं उतरत नाही, हे मला तिथंच कळलं. तरी म्हटलं, सोंग करता येतं. दुसऱ्या दिवशी तो डबा पुन्हा भरून आला आणि सुनेला कुठली अळी मारायची, कुठली ठेवायची ते दाखवून गेला.

त्या चार ओळी गेल्या. बाकी घेवडा स्वच्छ निघाला. लेक म्हणाला, "राहू दे, अजून एक साल बघू."

पुढच्या साली मावा परत दिसला, पण त्याचा फोन लागेना. सुनेनं नंबर 'किडेवाला' म्हणून ठेवला होता. बियाण्याच्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "त्याचंच रान गेलं की गोडाऊनला. भावांनी सह्या केल्या. किडे तिथंच वाढवायचा." मला खरं वाटेना. पत्ता विचारला आणि रिक्षा करून बघायला गेले.

पत्र्याचं कुंपण, आत मुरूम पसरलेला. वॉचमन बाहेर आला.

"कोणाला भेटायचंय, आजी?"

तुला कुणी पाठवलं, तू कुणाचा माणूस, हे मी त्याला हंगामभर विचारलं होतं. नाव कधी विचारलं नव्हतं. वॉचमन वाट बघत उभा होता.