बारा मोकळा सोडणारे साडू

आमच्या कुंभकोणमात जुगारातून पुण्य कमावलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. मी काशीला जाऊन आलो, गंगा आणली, घरोघर वाटली. लोकांनी तीर्थ घेतलं, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि पुन्हा टीव्हीकडे वळले. हे मुलाकडे अमेरिकेला गेले, लास व्हेगासच्या कॅसिनोत फाशांच्या टेबलाशी दोन दिवस उभे राहिले, आणि परतल्यावर यांच्या ओसरीवर माणसं मावेनात. आमच्या पुरोहितांनीसुद्धा मला काशीचं काही विचारलं नाही. त्यांना त्या टेबलाची लांबी हवी होती.

हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून सासरी ते 'थोरले' आणि मी 'धाकटे'. मराठा राजांबरोबर इकडे आलेली आमची घराणी. घराबाहेर तमिळ, घरात ती जुनी मराठी, जी ऐकून पुण्याचे पाहुणे गालातल्या गालात हसतात. थोरल्यांना मात्र कोणी हसत नाही, ते बोलू लागले की पुण्याचे पाहुणे खुर्ची पुढे ओढतात. ते विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाले, मी ऑडिटर आहे. वयाने माझ्याहून मोठे, पण केस काळे. रंगवलेले नाहीत, मी जवळून पाहिलं आहे.

त्यांचा सिद्धान्त असा की कॅसिनो नशिबावर चालत नाही, नियमांवर चालतो. क्रॅप्स नावाचा तो दोन फाशांचा खेळ ते कॉफीचे डबरे, म्हणजे आमच्याकडच्या रुंद वाट्या, मांडून समजावतात. पहिल्या दानाला सात किंवा अकरा आले तर फासे टाकणारा जिंकला. दोन, तीन किंवा बारा आले तर हरला. दुसरं काही आलं तर तोच आकडा पुन्हा पडेपर्यंत टाकत राहायचं, आणि त्याआधी सात पडले की टाकणाऱ्याचा खेळ खलास. बघणाऱ्याने टाकणाऱ्याच्या बाजूने लावावं, नाहीतर विरुद्ध लावावं. हिशेब केला तर विरुद्ध लावणाऱ्याचं पारडं केसभर जड निघतं. मग कॅसिनोवाल्यांचं कसं भागायचं? म्हणून त्यांनी एक नियम घातला आहे. पहिल्या दानाला बारा आले तर टाकणारा हरतो, पण विरुद्ध लावणारा जिंकत नाही, त्याचं लावलेलं त्याला नुसतं परत मिळतं. "धाकटे, त्या एका बारावर अस्का धंदा उभा आहे," असं म्हणून (अस्का म्हणजे आमच्यात सगळा) ते डबरा उपडा करतात, आणि माझी बायको, जी माझ्या प्राप्तिकराच्या गोष्टींना जांभया देते, तोंडाला पदर लावून हसते.

तेव्हापासून त्यांना जिथे तिथे बारा दिसू लागले. तिरुभुवनमला आम्ही दोघं एका लग्नासाठी रेशमी साड्या घ्यायला गेलो होतो. मी घासाघीस करून करून घसा कोरडा केला, दुकानदार ढिम्म. थोरले शेवटी एवढंच म्हणाले की दोन साड्यांवर ब्लाऊजपीस फुकट देतां, तर यांत तुमचा बारा कोठें लपवला आहे ते सांगा. दुकानदाराला अर्थातच काही कळलं नाही. थोरल्यांनी त्याला क्रॅप्स समजावला. दुकानदाराने कॉफी मागवली, भाव उतरवला, वर दारापर्यंत पोचवायला आला. मला त्याने पिशवी धरायला दिली. तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायकाच्या दर्शनाला गेलो तरी तिथला फुलवाला त्यांना हार देतो आणि मला सुट्टे मागतो.

हेही मी सोसलं असतं. पण अम्मांचं मला सोसवत नाही. अम्मा म्हणजे आमच्या सासूबाई. वैकुंठ एकादशीला मामंजी, म्हणजे सासरे, पितळेचे लांब फासे काढून सगळ्यांना सोपानपट, आपली सापशिडी, खेळवायचे. ते गेल्यापासून अम्मांनी त्या फाशांना हात लावला नाही, आणि हळूहळू बोलणंही टाकलं. मी डॉक्टर आणले, भजनाच्या सीडी आणल्या, इन्नंबूरहून नव्या तांदळाचं पोतं आणलं. त्या मान हलवायच्या आणि भिंतीकडे बघत बसायच्या. थोरल्यांनी व्हेगासच्या दुकानातून आणलेले दोन लाल फासे काढले, चिंचोक्यांची परडी मांडली, आपण कॅसिनो झाले आणि अम्मांना म्हणाले, लावा. अम्मांनी विचारलं, सात कोणाकडे आहेत? थोरले म्हणाले, पहिलं दान सोडलं तर विरुद्ध लावणाऱ्याकडे. सात म्हणजे तिरुपतीच्या सात टेकड्या, त्यांना सोडून त्या दुसरीकडे कशा लावणार? तेव्हापासून त्या सदा फासे टाकणाऱ्याच्या विरुद्ध लावतात. पहिल्याच दानाला सात येऊन हरल्या की रुसतात, आणि थोरले त्यांना सांगतात की गोविंद आधी परीक्षा पाहतो. रोज दुपारी कॉफीनंतर त्या स्वतः उठून परडी आणू लागल्या. मला जळफळाट म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

ऑडिटरचं डोकं, मी त्यांचा खेळ बारकाईने पाहू लागलो. एका दुपारी पहिल्या दानाला बारा पडले आणि थोरल्यांनी अम्मांना चिंचोके मोजून दिले. नुसते परत नाहीत, जिंकलेले. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सगळ्यांसमोर मी म्हटलं की ज्या बाराचं तुम्ही गावभर पुराण सांगता, तो नियम स्वतःच विसरलात. असं खेळलं तर पुढेमागे कॅसिनोच बुडणार.

थोरले चिंचोके निवडत होते. "ठाऊक आहे कीं हो," ते हळूच म्हणाले. "अम्मा त्याच बाजूस लावतात. त्यांकडून जिंकून मज काय करायचें?"

अम्मांना नीट ऐकू आलं नाही. माझ्या बायकोला आलं. तिने थोरल्यांकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मला लग्नातही मिळाली नव्हती. ते मला आजही खुपतं.

पुढे थोरल्यांच्या सुनेला मूल व्हायचं होतं, म्हणून ते दोघं नवराबायको अमेरिकेला गेले आणि तिथेच रमले. जाताना फासे आणि परडी माझ्या हाती दिली. इतकी वर्षं ज्या जागेवर डोळा होता ती अशी आयती मिळाली. दुसऱ्या दुपारी मी ऐटीत पलीकडे बसलो. बाराचा नियम मीही घातला नाही. दिवस अम्मांचा होता, माझ्या पुढ्यातला ढीग सरत गेला आणि त्यांचा वाढत गेला. आता त्या काही म्हणतील म्हणून मी वाट पाहत होतो.

अम्मांनी चिंचोके ओच्यात भरले. "थोरल्यांनी नियम फार बरा करून ठेवला हो," त्या म्हणाल्या, आणि फाटकाकडे पाहत राहिल्या. परडी तशीच पडली.

मी हरलो होतो, तेही थोरल्यांच्याच नावावर जमा झालं. मला राग आला, चांगलाच आला. पण त्या पुन्हा भिंतीकडे वळतील अशी भीती वाटली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थोरले असते तर आज याहून जास्त हरले असते, अम्मा."

अम्मा हसल्या आणि त्यांनी परडी पुढे ओढली. अम्मांना हसवायला मला थोरल्यांचंच नाव घ्यावं लागलं. आता रोज घेतो.