वाचणारा आवाज मुका झाला तेव्हा

संध्याकाळी दिवा मंदावतो, पुन्हा भगभगतो, पंख्याची घरघर चढते नि उतरते. आणि त्या घरघरीखाली आमचा संगणक गप्प बसलेला असतो. इंग्रजी ओळ आली की पोपटासारखा बोलेल, मराठी ओळ आली की दातखीळ! संताप, निव्वळ संताप होतो माझा.

मालतीची, माझ्या बायकोची, दृष्टी हळूहळू गेली. पण शिकवणं गेलं नाही. वडीगोद्रीच्या शाळेत ती आजही मराठी शिकवते. संगणक तिला धडा वाचून दाखवतो, ती तो मनात मुरवते आणि सकाळी वर्गापुढे ताठ उभी राहते. हा वाचणारा प्रोग्राम परक्या देशातला, त्याला मराठी बोलायला लावणारी एक जोडणी वेगळी घालावी लागते. एके दिवशी मूळ प्रोग्राम आपणहून नवा झाला, जोडणी जुनीच राहिली, आणि नव्यानं जुनीला ओळखच दाखवली नाही. नवं होण्याचा हा कसला उन्माद, की ज्याच्यासाठी नवं व्हायचं त्याचाच गळा दाबावा? संगणक मुका झाल्याचं कळताच हेडमास्तर गोड आवाजात म्हणाले, "म्याडम, थोडे दिवस रजा घ्या, आराम करा." त्या गोडव्याचा अर्थ तिला कळला, मलाही कळला. एकदा घरी बसलेल्या बाईला परत वर्गात बोलावतं कोण?

आणि निर्लज्जपणा बघा! जोडणी अद्ययावत झाली नाही, हे सांगायला पडद्यावर एक इवलीशी, मुकी चौकट उमटते. लिहून! जिला दिसत नाही तिला लिहून सांगतात, तेही इंग्रजीत! ज्यांनी हे घडवलं त्यांच्या अकलेची आरती ओवाळावी का? मी ती जोडणी काढली, पुन्हा घातली, इंटरनेट तपासलं, जुना कचरा पुसला. मदतीच्या नंबरावरच्या मुलीशी कडाकडा भांडलो. तिचं आपलं एकच पालुपद, "सर, रीस्टार्ट करा." अगं बाई, सकाळपासून दुसरं काय करून राह्यलो मी!

आता आमच्या मस्तगडातल्या गल्लीची गोष्ट सांगतो. वीज इथे लहरी. कुणाचा टीव्ही जळाला, कुणाची मोटर. म्हणून यंत्र कुठलंही असो, ते भिंतीवरच्या बोर्डावरून बंद करायचं, हे आमच्या हाडात मुरलेलं. रीस्टार्ट म्हणजे बोर्डाचं बटन खाली, बटन वर. इतकी वर्षं ह्यात काही चुकतंय असं कुणाच्या बापाला वाटलं नाही.

मालती मागे खाटेवर बसून ऐकत होती. बटन पुन्हा खट् वाजलं तशी ती उसळली, "अहो, बोर्डावरून बंद करून राह्यले काय तुम्ही? मंग कसं होईल! आलेलं नवं सामान तो बंद होता होताच आत बसवतो. तुम्ही त्याची मानच मुरगाळता. बटनाला हात लावू नका बिलकुल."

मी दात-ओठ खात खुर्चीत बसलो आणि तिनं सांगितलं तसं पडद्यावरूनच रीस्टार्ट केलं. तो कसला निवांत! जणू पान लावतोय. पडदा काळा झाला, उजळला, पुन्हा काळा झाला. बटनाकडे जाणारा हात मी मांडीखाली दाबून धरला. आणि एकाएकी तो सपाट, निर्विकार, पण स्वच्छ मराठी स्वर खोलीत उमटला. मालतीनं "हं" म्हटलं फक्त, आणि मला खुर्चीवरून उठवलं. "सरका, उद्याचा धडा करायचाय."

मी दारात उभा राहिलो, अजून धुमसत. तिनं एक वाक्य ऐकलं, कळ दाबली, तेच वाक्य पुन्हा ऐकलं, मग पुन्हा, आणखी एकदा. आणि तो मेला तितक्याच शांतपणे वाचत राहिला.

मधले सगळे दिवस धडे तिला मी वाचून दाखवत होतो. तिनं मला एकदाही 'पुन्हा वाचा' म्हटलं नव्हतं.